बीपीची दुसरी गोळी आणि ती खिडकी

चिठ्ठीवर दोन नावं: ॲम्लोडिपिन 5, टेल्मिसार्टन 40. औषधाच्या खिडकीतून हातात एकच पट्टी आली. "दुसरी संपली काका, सोमवारी या."

आधी मी एकट्या ॲम्लोडिपिनवर होतो. 5 ची 10 केली तरी बीपी 156/96, आणि घोटे असे सुजले की चपलेचा पट्टा रुतायचा. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाच गोळीचा डोस वाढवून बीपी थोडंच उतरतं, सूज मात्र वाढते. डोस परत 5 करू आणि वेगळ्या गटातली गोळी जोडू. पहिली रक्तवाहिन्या सैल करते, दुसरी त्यांना आवळणारा हार्मोन अडवते, सूजही कमी होते. पाच मिनिटांत पटलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं गेलो. केसपेपरची रांग, मग औषधाची. सव्वाबाराला नंबर आला तर 40 ची नाहीच, 80 ची आहे. म्हटलं, "द्या ना ताई, घरी अर्धी करतो."

"चिठ्ठीवर 40 आहे. डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे."

डॉक्टर शिबिराला गेलेल्या. मी आवाज चढवला. मागून एक आजोबा म्हणाले, "बीपीच्या रांगेत बीपी वाढवू नका." रांग हसली, मला काही हसू आलं नाही. वर ताईंनी सुनावलं, ही गोळी हवेतला ओलावा धरते, उरलेली अर्धी उघडी ठेवायची नसते. बरोबरच होतं त्यांचं, म्हणून जास्तच राग आला.

तिसऱ्या खेपेलाही "गाडी आली नाही". सोयाबीन काढणीचे तीन दिवस असे गेले. शेवटी डॉक्टरांकडून दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळी लिहून घेतली आणि जनऔषधी केंद्रातून आणली. महिन्यानं 134/84. चपलेचा पट्टाही सैल.

हो, ही गोळी सुरू करताना रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून घ्या. जुन्या पट्ट्या सोबत न्या. माझ्या मेव्हण्याला एका डॉक्टरनं रॅमिप्रिल दिलेली (तीही त्याच हार्मोनवर काम करते), दुसऱ्यानं वर टेल्मिसार्टन. या दोन एकत्र घ्यायच्या नसतात. त्याला आता तिसऱ्या प्रकारची, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी आहे. ती सकाळी घ्यायची. आपल्याकडच्या मे महिन्यात चक्कर आली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.

खिडकीवर परवा डोकावलो. 40 ची आली होती, 5 ची संपली होती.