कोंबड्या का दिल्या, ते सांगते

"तुमच्या कोंबड्यांना तर काहीच झालं नव्हतं, मग दिल्या कशाला? लपवायच्या ना!"

2021 च्या जानेवारीत बर्ड फ्लूमुळे कोंबड्या मारायला आलेल्या सरकारी पथकाला मी माझ्या कोंबड्या दिल्या, तेव्हापासून हे ऐकतेय. अंडी न्यायला येणारे विचारतात, नणंदेच्या सासरची माणसं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. काहीजण खरंच हळहळून विचारतात. बाकीचे उत्तर ठरवूनच आलेले असतात: शिकलेली बाई, साहेब दारात आल्यावर घाबरली असणार. आजवर "कायदा आहे" एवढंच बोलून मी विषय मिटवत आले. कायदा आहेच. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी 2009 साली केलेला, आणि त्यात अडवणूक करणाऱ्याला शिक्षाही आहे. पण तो कायदा ठाऊक असणाऱ्यांनीही आमच्या गावात कोंबड्या रातोरात बाहेर काढल्या. म्हणजे माझं उत्तर अपुरं आहे, आणि विचारणाऱ्यांना ते कळतं. म्हणून आता सगळंच लिहिते.

त्या जानेवारीत काय चाललं होतं ते तुम्हाला आठवत असेल. हिमाचलात पोंग धरणावर स्थलांतरित हंस हजारोंनी मेले, राजस्थान-मध्य प्रदेशात कावळे पडले, केरळात बदकं. मग आपल्याकडे परभणीजवळच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्याची बातमी आली आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक खुराड्यात धास्ती शिरली. आमच्या गावालगतच्या पोल्ट्रीत मर लागली, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, तिथून बर्ड फ्लू असल्याचं कळलं. त्या शेडपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी पाखरं नष्ट करायची, असा आदेश निघाला. आमचं घर एक किलोमीटरच्या आत येत होतं, तेही जेमतेम.

आता "निरोगी होत्या ना" याबद्दल. हो, निरोगी दिसत होत्या. तुरे लाल होते, खाणं चालू होतं, विष्ठा नीट होती. मानमोडीची, म्हणजे राणीखेत या वेगळ्या रोगाची लस मी कधी चुकवलेली नाही. पण बर्ड फ्लूसाठी माझी एकही कोंबडी कुणी तपासली नव्हती. तपासली असती तर आज हे लिहायची वेळच आली नसती. आणि एक गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. त्याच पोल्ट्रीतलं खत आमच्या शेतात पडलं होतं. उसाला घालायला ट्रॉली आणली होती, ढीग बांधालगत होता आणि माझ्या कोंबड्या दिवसभर त्याच ढिगात उकरत असत. हा विषाणू विष्ठेतून पसरतो, चपलांना आणि गाडीच्या चाकांना लागून जातो. कोंबडीत लक्षण दिसायच्या आधी काही दिवस जातात, आणि दिसलं की दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. आदेश आला त्या रात्री मला झोप लागली नाही ती कोंबड्या जाणार म्हणून जितकी, तितकीच त्या ढिगामुळेही. माझी धाकटी मुलगी रोज सकाळी खुराड्यात हात घालून अंडी काढायची.

सासूबाईंना हे पटलं नाही. "आगं, आपल्या कोंबड्यांला रोगराई झालीय का? मग कामून द्यायच्या? लेकरावानी सांभाळल्यात." मी त्यांना म्हणाले, "आई, माणसं मरतात यानं." ते खोटं नव्हतं. पुढे त्याच वर्षी जुलैत हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये बर्ड फ्लूनं गेला, भारतात माणसाच्या मृत्यूची ती पहिली नोंद. ही बातमी आली तेव्हा मी ती घरात मोठ्यानं वाचून दाखवली. बघा, मी म्हणत होते ना, अशा आवाजात. पण त्या मुलाचा आणि आमच्या गावाचा काडीचा संबंध नव्हता. सासूबाईंना गप्प करायला मी ती बातमी वापरली, हे आज लिहितानाही आवडत नाहीये.

पथक सकाळी आलं. पांढरे पीपीई किट घातलेली माणसं गावानं कोरोनात पाहिली होती, त्यामुळे पोरं घाबरून घरात पळाली. पोल्ट्रीतलं काम त्यांचं आदल्या दिवशीच उरकलं होतं. शेडमधल्या कोंबड्या पळत नाहीत; त्यांना तेवढी जागाच कधी मिळालेली नसते. गावठीचं तसं नाही. आमच्या तीसेक कोंबड्यांपैकी अर्ध्याअधिक तर लिंबाच्या झाडावर झोपायच्या. पथकातली पोरं रोजंदारीवर आणलेली, कोवळी. ती धावायला लागली तशा कोंबड्या कुंपणावरून उडाल्या, काही तुरीत शिरल्या, काही थेट ओढ्याच्या दिशेनं गेल्या. एका पोराच्या हाती तलंग (तरणी कोंबडी) लागली, तिचा पंख निखळलेला मी पाहिला. दुपारपर्यंत त्यांच्या हाती फार थोड्या आल्या होत्या. उरलेल्या हद्दीबाहेर पांगत होत्या. रोग असलाच तर तो त्यांच्याबरोबर चालला होता.

पथकातल्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या. चष्म्यावर वाफ धरली होती, डोळे दिसत नव्हते. म्हणाल्या, "ताई, तुमच्या हाकेला येतात का?"

येतात. रोज दिवस कलताना मी सुपात ज्वारी घेऊन अंगणात उभी राहते, "आ आ आ, तीती तीती" म्हणते आणि कुठूनकुठून धावत येतात. पंख अर्धे उघडलेले, मान पुढे. पिल्लं असलेली मागे राहते आणि पिल्लांना पुढे ढकलते. बाईंना मी लगेच उत्तर दिलं नाही. पोरांना सगळ्यांना गोठ्याच्या आड बसायला सांगितलं. सूप आणलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या आणि कडी लावून घेतली.

मी हाक दिली. तुरीतल्या आल्या. ओढ्याकडच्या आल्या. सकाळी कुंपणावरून उडालेला तांबडा कोंबडा लंगडत आला. मी दाणे टाकत टाकत खुराड्यात गेले आणि त्या माझ्या मागे आत आल्या. मग मी बाहेर येऊन दार लावलं.

पुढचं मी पाहिलं नाही, पण ऐकू येत होतं. मान मोडताना आवाज होत नाही. आवाज आपली पाळी यायची असलेल्या कोंबड्या करतात. गोण्या भरून नेल्या, गावाबाहेर खड्ड्यात चुन्याच्या थरात पुरल्या. माझ्या दोन गिनी (गिनी फाउल जातीची पाखरं) मात्र हाकेला आल्या नाहीत. गिनी माणसाळतातच कमी. त्या रात्री झाडाच्या शेंड्यावरून बॅटरीच्या उजेडात काढल्या. अंधारात पाखराला दिसत नाही, म्हणून सापडल्या.

आणि कबरी. माझी कबरी कोंबडी गोठ्यात, कडब्यामागच्या पाटीत रवणावर, म्हणजे अंडी उबवत बसली होती. मी सांगितलं नसतं तर पथकाला ती सापडली नसती. तिची अंडी फुटायला आली होती. एकविसावा दिवस उद्यावर होता, एका अंड्याला बारीक तडा गेलेला, कानाशी धरलं की आत टकटक ऐकू यायचं. मी डॉक्टरीणबाईंना ते अंडं कानाला लावून दाखवलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "अंडीसुद्धा न्यावी लागतात." पंचनाम्यात कबरी "मोठी कोंबडी" म्हणून लिहिली गेली, 90 रुपये. तिच्याखालची अंडी "अंडी" म्हणून लिहिली, प्रत्येकी 3 रुपये. उद्या पिल्लू होणार असलेल्या अंड्याला कागदावर वेगळा रकाना नव्हता.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे, कारण भरपाई मिळाली ना, मग झालं, असं म्हणणारेही भेटतात. तो दर लेअर, म्हणजे पोल्ट्रीत अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या हिशेबानं ठरलेला होता. लेअर वर्षाला 300 च्या वर अंडी देते आणि खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही; पिढ्यान्पिढ्या निवड करून तिचं खुडूक होणंच काढून टाकलंय. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते. अंड्यांच्या हिशेबानं ती हरलेलीच आहे. पण बारा-पंधरा अंडी घालून ती खुडूक होते, एकवीस दिवस जेमतेम दाणापाण्यापुरती उठते, पिल्लं काढते आणि घार आली की पंखाखाली घेते. गिनीची अंडी तिच्याखाली ठेवली तर आठवडाभर जास्त, सत्तावीस-अठ्ठावीस दिवस तशीच बसते. वीज नको, मशीन नको. चांगली बसणारी कोंबडी बाजारात मागून मिळत नाही, कुणी विकतच नाही. ती आईकडून लेकीकडे येते. कबरीची आई, तिची आई, सगळ्या मी ठेवलेल्या होत्या, कारण त्या बसायच्या. 90 रुपयांत त्यातलं काय भरून निघतं?

आता लपवणाऱ्यांबद्दल. आमच्या भावकीतल्या एका जावेनं आदल्या रात्री तिच्या कोंबड्या डालग्यात घालून मोटारसायकलवरून माहेरी पाठवल्या. दोन महिन्यांनी परत आणल्या. तिच्या माहेरी एकही कोंबडी मेली नाही, माणसाला काही झालं नाही. हे मी लपवत नाही, कारण प्रश्न विचारणारे शेवटी तिथेच येतात: तिचं काय बिघडलं?

काही बिघडलं नाही. तिच्या कोंबड्यांत रोग नव्हता, एवढंच. पण हे आज कळतंय. त्या रात्री डालगं बांधताना तिला ते ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तिचं माहेर म्हणजे अजून एक गाव, तिथली खुराडी, तिथल्या लेकरांचे हात. त्यातला एक पक्षी जरी रोगट निघाला असता तर तिथेही पथक गेलं असतं आणि कुणा तिसऱ्याच बाईला अंगणात बोलावलं असतं.

हे मी जावेला तोंडावर म्हणाले होते. तेव्हा मी फार खात्रीनं बोलायचे. त्या वेळची मी आज समोर आली तर तिला विचारीन, की एवढी खात्री होती तर कबरीजवळ गेल्यावर पथकाला गोठ्याबाहेर घेऊन जायचं तुझ्या मनात का आलं? आलं होतं. तिथे थोडा वेळ मी काहीच न बोलता उभी होते. मग बोलले. का बोलले? मुलीच्या हातांचा विचार होता, खताच्या ढिगाचा होता, आणि बाकीच्या सगळ्या मीच हाक मारून आणल्या होत्या, त्यानंतर एकीला मागे ठेवणं मला जमेना. यातलं कुठलं कारण खरं, मला सांगता येत नाही. तिन्ही असतील.

आणि तुम्ही आज माझ्याकडून जी अंडी नेता ती कुठून आली, तेही सांगते. कोंबड्या पाळायची बंदी उठल्यावर मी बाजारातून पिल्लं आणली, वनराजा आणि गिरिराज या सुधारित जातींची. वाढली छान, पण बसेना कुणी. मग जावेनंच एक तलंग आणून दिली. पूर्वी कधीतरी मी तिला कबरीच्या आईची अंडी उबवायला दिली होती, त्या वेलातली. ती बसली. आज अंगणात आहेत त्यातल्या बहुतेक तिच्या. म्हणजे कबरीचा वेल माझ्या अंगणात शिल्लक आहे तो लपवलेल्या कोंबडीमुळे. हे विचारणाऱ्यांना कळलं की त्यांचा चेहरा खुलतो. खुलू दे. मी ती तलंग घेतली, आनंदानं घेतली, आणि तरी तेव्हा जावेनं कोंबड्या माहेरी पाठवणं बरोबर होतं असं म्हणायला मी तयार नाही.

मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. ज्या शेडमध्ये हजारो पक्षी एकमेकांना चिकटून राहतात त्याला आणि माझ्या लिंबाच्या झाडाला एकच नियम, एकच दर लावतात, आणि आमच्यातल्या चार कोंबड्यांच्या नरड्यातला नमुना घ्यायलाही कुणाला वेळ नसतो. नमुना घेतला असता, रोग निघाला असता, तर सासूबाईंनीसुद्धा कडी लावली नसती. पुन्हा तशी वेळ आली तर मी आधी नमुना घ्या म्हणून अडून बसणार आहे, कायदा काय म्हणेल ते म्हणो.

सासूबाईंशी हा वाद अजून चालू आहे. त्यांचं म्हणणं, जावेच्या वाचल्या तशा आपल्याही वाचल्या असत्या. मी म्हणते, तिचं नशीब. त्या म्हणतात, मग आपलं नशीब खोटं होतं हे तुला कुणी सांगितलं? यावर मला उत्तर सुचत नाही. तरी लपवायला हव्या होत्या, असं मी त्यांना कबूल केलेलं नाही आणि तुम्हालाही करणार नाही.