शुद्ध केलेल्या सांडपाण्यात औषधांना दाद न देणारे जंतू कसे?

‘सांडपाणी केंद्रातून साफ होऊनच कृष्णेत जातं ना, मग त्यात अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू कसे सापडतात?’ सांगली-मिरजेत हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगायला हवं.

केंद्र जंतूंची संख्या घटवतं, त्यांचा चिवटपणा, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा गुण, घटवत नाही. समजा, येणाऱ्या पाण्यात मिलीलिटरमागे १,००,००० ई. कोलाय (आतड्यात राहणारे जंतू) आहेत आणि त्यातले २०,००० सेफोटॅक्झिम या अँटिबायोटिकला पुरून उरणारे. बाहेर पडताना एकूण १,००० उरले, तर ९९ टक्के काम झालं. पण चिवटांचं प्रमाण तेवढंच राहिलं, तर मिलीलिटरमागे २०० नदीत गेलेच. दिवसाला फक्त दहा लाख लिटर पाणी सुटलं तरी हा आकडा २०,००० कोटींवर जातो. २०१७च्या केंद्रीय अधिसूचनेत विष्ठेतल्या कोलिफॉर्मना (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा गट) १०० मिलीलिटरमागे १,०००ची मर्यादा आहे, पण त्यातले किती चिवट, हा रकानाच नाही. तो असायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

केंद्रातल्या हवा सोडलेल्या टाकीत मिरजेच्या दवाखान्यांतले, घरांतले, गोठ्यांतले जंतू गाळाच्या गुठळ्यांत एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्यात प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची छोटी कडी चिवटपणा घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. औषधाचा जंतू मरणार नाही इतका अंश पाण्यात असला, तरी चिवटांना वाव मिळतो. शेवटी क्लोरीन आहेच, पण पाण्यात अमोनिया उरला असेल तर बराचसा क्लोरीन तोच खातो.

मोजायचं कसं, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमतं. निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निकामी करायला सोडियम थायोसल्फेट आधीच घाला (१०० मिलीलिटरला १० टक्क्यांच्या द्रावणाचे ०.१ मिलीलिटर), नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि केंद्र आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. बाटली बर्फात ठेवा, सहा तासांत काम सुरू करा. आत येणारं आणि बाहेर पडणारं पाणी एकाच वेळी भरू नका. पाणी केंद्रात जितके तास थांबतं, तितक्या तासांनी बाहेरचा नमुना घ्या, नाहीतर दोन वेगळ्या पाण्यांची तुलना होते. नदीचा नमुना घेताना शेरीनाल्यासारख्या नाल्याच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा असे दोन हवेत.

मॅकॉन्की अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) दोन प्रकारच्या प्लेट करा, एक साधी आणि एक लिटरमागे ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्झिम घातलेली. माणसं, जनावरं आणि पर्यावरण यांतले चिवट ई. कोलाय मोजायच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ट्रायसायकल पद्धतीतही हीच मात्रा आहे. अगार ४५ ते ५० अंशांपर्यंत उतरल्यावरच औषध घाला. कढत अगारात ते निकामी होतं, मग सगळंच उगवतं आणि आकडा भयंकर येतो. म्हणून प्रत्येक खेपेला एटीसीसी २५९२२ हा औषधाने मरणारा ई. कोलाय औषधाच्या प्लेटवर ओढा. तो उगवला तर ती खेप फेकून द्या. कच्चं पाणी शंभर, हजार, दहा हजार पट पातळ करून ०.१ मिलीलिटर पसरा आणि ३० ते ३०० वसाहतींचीच (जंतू वाढून दिसणाऱ्या ठिपक्यांची) प्लेट मोजा. ३७ अंशांवर १८ ते २४ तास पुरे. जास्त ठेवलं तर चिवट वसाहत भोवतालचं औषध मोडते आणि तिच्या आडोशाला दुबळ्या वसाहती उगवतात. फिकट वसाहती मोजू नका. त्यांत बऱ्याचदा स्यूडोमोनास हे वेगळे जंतू असतात, ज्यांच्यात चिवटपणा मुळातच असतो. गुलाबी वसाहती ई. कोलायच्याच आहेत, याची इंडोल चाचणी करून खात्री करा. मग औषधाच्या प्लेटवरचा आकडा साध्या प्लेटच्या आकड्याने भागा. एकूण संख्या आणि हे प्रमाण, दोन्ही शेजारी-शेजारी लिहा.

पुढे खातरजमेसाठी चिवट जंतू म्युलर-हिंटन या दुसऱ्या अगारवर पसरून त्यावर सेफोटॅक्झिमची ३० मायक्रोग्रॅमची चकती आणि शेजारी क्लॅव्युलॅनिक आम्लासह तीच चकती ठेवतात. दुसरीभोवतीचं जंतू न वाढलेलं वलय ५ मिलिमीटरने किंवा जास्त मोठं आलं, तर तो जंतू ईएसबीएल हे सेफोटॅक्झिमसारखी औषधं मोडणारं विकर बनवतो, कारण क्लॅव्युलॅनिक आम्ल ते विकर अडवतं. अगार ४ मिलिमीटर जाड हवा, ९० मिलिमीटरच्या प्लेटला सुमारे २५ मिलीलिटर. पातळ ओतलात तर वलय फुगतं आणि चिवट जंतू साधा वाटतो.

गाळाकडे मात्र कुणी बघत नाही. पाण्यातून कमी झालेले पुष्कळ जंतू तिथेच बसतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिकही गाळाला चिकटतं. तो गाळ ओलाच उसाच्या सरीत टाकणं धोक्याचं आहे, आणि कच्ची खायची मेथी-कोथिंबीर असेल तर टाकूच नये. ढीग घालून ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस राहील असं बघा. या काळात तो पाचदा तरी पालटायला हवा, कारण ढिगाची बाहेरची कड थंड राहते. तापमापी मधोमध खुपसा आणि आकडा रोज वहीत उतरवा. ढीग तापत नसेल तर तो ओला तरी जास्त आहे किंवा भुसकट कमी पडलंय. उसाचं पाचट कुट्टी करून मिसळलं की हवा खेळते आणि तापमान चढतं.