आमची वाटचाल: भट्टी, खिळे आणि न आलेले कारखाने

आम्ही लाकडी पॅलेट आणि खोकी बनवतो. उरण तालुक्यात, न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर. 1989 साली बंदर सुरू झालं तेव्हा जो तो ट्रेलर घ्यायला धावला. आम्ही लाकडात पडलो.

2006 मध्ये सेझचा, म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रांचा, कायदा लागू झाला आणि आमच्याच तालुक्यातल्या द्रोणागिरीत कारखानेच कारखाने येणार म्हणून गाजावाजा झाला. आमचा हिशेब सरळ होता. दागिने विमानानं जातात, म्हणून अंधेरीचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र बंदराशिवाय वाढलं. नागपूरच्या मिहान सेझलाही आयटी आणि विमानदुरुस्तीनंच हात दिला. पण पंप, व्हॉल्व्ह, यंत्रं बोटीनंच जाणार. कटऑफ, म्हणजे बोटीसाठी माल पोचवायची शेवटची वेळ, हुकला की माल पुढच्या बोटीवर, वर यार्डाचं भाडं. असा कारखानदार बंदराच्या दाराशीच बसणार! कर्ज काढून आम्ही एचटी चेंबर, म्हणजे निर्यातीच्या लाकडातली कीड उष्णतेनं मारायची भट्टी, उभा केला. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, सलग 30 मिनिटं. तापमान मोजायचा प्रोब सगळ्यात जाड तुकड्यात घालायचा. पातळ फळीत घालून आकडा दाखवणारे पुष्कळ आहेत.

आले काय? सीएफएस, म्हणजे कंटेनर भरायची-उतरवायची आवारं, आणि गोदामं. जागेवर नुसते कंटेनर रचून भाडं मिळत असेल तर कारखान्याची कटकट कोण घेणार? वरून 2008 ची मंदी. 2011 च्या अर्थसंकल्पानं सेझवर मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, लावला, उरलासुरला उत्साहही गेला. चेंबर रिकामा, हप्ता चालू.

नेमके तेव्हाच शेजारी एक महाशय उगवले. भट्टी नाही, पण लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आयपीपीसीचा शिक्का आहे! पॅलेटमागे वीस-तीस रुपये कमी. आमचे निम्मे ग्राहक तिकडे गेले. वर्षानुवर्षं उधारीवर माल दिलेलेसुद्धा. टिकले फक्त तळोज्याचे अण्णा, एका व्हॉल्व्ह कंपनीचं डिस्पॅच बघायचे. स्वतः येऊन मॉइश्चर मीटर टोचणार, खिळ्याचं डोकं वर दिसलं तर अख्खा लॉट परत. पण बँकेची नोटीस आल्याचं कळल्यावर त्यांनीच मालकाशी भांडून आम्हाला ॲडव्हान्स काढून दिला. पुढे त्या महाशयांच्या पॅलेटला परदेशात कीड सापडली, कंटेनर अडकला. मग गेलेल्यांचे फोन सुरू झाले, "रात्रीत माल देता का?" दिला. दर आमचा.

2014 मध्ये बंदराच्या स्वतःच्या 277 हेक्टरांच्या सेझचं भूमिपूजन झालं. आता तिथेही आमची गाडी जाते. नव्या पोरांना एक सांगतो: सेझला दिलेल्या मालावर जीएसटी शून्य, हे ऐकून खूश होऊ नका. बिलावर सेझच्या अधिकाऱ्याचं एन्डॉर्समेंट, म्हणजे माल पोचल्याची सही, घ्या, नाहीतर कराचा रिफंड लटकतो. आणि पॅलेट 1200 बाय 1000 मिमीचीच करा, वीस फुटी कंटेनरमध्ये दहा बसतात. ग्राहक दोन इंच वाढवून मागेल. आधी त्याला कंटेनरचं दार मोजायला लावा.