जीमॅट पुन्हा देण्याआधी: चुकांची वही आणि घड्याळ

जीमॅटमध्ये, म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेत, स्कोअर हवा होता त्याहून साठ-सत्तर गुणांनी कमी आला की हात आधी नवी तारीख बुक करायला जातो. नियमाने 16 दिवसांनी पुन्हा बसता येतं, आणि 12 महिन्यांत जास्तीत जास्त 5 वेळा. पण ज्या कच्चेपणामुळे गुण गेले, तो 16 दिवसांत भरून निघणं अवघड असतं. सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवा. त्यातला पहिला आठवडा एकही नवा प्रश्न न सोडवता, झालेल्या चुका शोधण्यात घालवा. दुसऱ्या वेळी गुण वाढतात की नाही, हे बरंचसं या आठवड्यावर ठरतं असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात स्कोअर रिपोर्टपासून करा. एकूण गुण 205 ते 805 आणि क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क), डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांतली माहिती वाचून निष्कर्ष) या विभागांचे प्रत्येकी 60 ते 90. तिन्हींचं वजन सारखं आहे, तरीही बहुतेक जण आवडत्या विभागालाच जास्त वेळ देतात. क्वांट 84 असताना ते 86 करायला महिना घालवायचा आणि 74 वरचा डेटा इनसाइट्स तसाच सोडायचा, यात नुकसानच आहे. शिवाय जीमॅटच्या जुन्या स्वरूपातले आकडे डोक्यातून काढा. आताचा 645 पर्सेंटाइलने (म्हणजे किती टक्के जण तुमच्या मागे आहेत त्या हिशेबाने) जुन्या 700 च्या आसपास येतो, त्यामुळे ‘सातशे नाहीत म्हणजे बुडालो’ हा हिशेबच चुकीचा आहे.

रिपोर्टमध्ये प्रश्नप्रकारानुसार कामगिरी आणि लागलेला वेळ दिसतो, प्रत्यक्ष प्रश्न मात्र दिसत नाहीत. म्हणून चुकांची वही मॉकवरून (सराव परीक्षांवरून) आणि सरावाच्या प्रश्नांवरून करावी लागते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: संकल्पना येत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, पद्धत लांबची निवडली, की वेळ संपत आला म्हणून अंदाज मारला. नुसतं ‘सिली मिस्टेक’ लिहू नका, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. नेमकं काय झालं ते लिहा.

उदाहरणार्थ, डेटा सफिशियन्सीचा, म्हणजे दिलेली विधानं उत्तर काढायला पुरेशी आहेत का एवढंच ठरवायचा, हा प्रश्न घ्या: क्षची किंमत किती? विधान 1: क्षचा वर्ग 49. विधान 2: क्ष हा उणे 5 पेक्षा मोठा. पहिलं विधान पुरेसं वाटलं असेल तर उणे 7 ही शक्यता नजरेतून सुटली. खरं उत्तर आहे: दोन्ही विधानं मिळूनच पुरेशी. वहीत ‘ऋण किंमत तपासली नाही’ अशी नोंद हवी. अशा नोंदी दहा वेळा आल्या की पुढच्या पंधरवड्याचा अभ्यास आपोआप ठरतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पहिल्या विधानातली माहिती नकळत दुसऱ्यात वापरणं. त्यावर उपाय साधा: दुसरं विधान तपासताना पहिलं हाताने झाका. चुकलेला प्रश्न उत्तर वाचून सोडू नका. आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा, तेव्हा सुटला तरच तो आला.

आता वेळ. प्रत्येक विभागाला 45 मिनिटं. क्वांटचे 21 प्रश्न, व्हर्बलचे 23, डेटा इनसाइट्सचे 20. क्वांटमध्ये दर 15 मिनिटांत 7, व्हर्बलमध्ये साधारण 8, डेटा इनसाइट्समध्ये 6 ते 7 प्रश्न व्हायला हवेत. दर प्रश्नाला घड्याळ बघू नका, या टप्प्यांवरच बघा. एखाद्या प्रश्नावर तीन मिनिटं गेली आणि वाट दिसत नसेल तर उत्तर निवडून बुकमार्क करा (नंतर बघायची खूण) आणि पुढे जा. एक कठीण प्रश्न चुकल्याने जेवढं जातं, त्याहून जास्त शेवटचे तीन-चार प्रश्न कोरे राहिल्याने जातं, कारण न सोडवलेल्या प्रश्नांचा वेगळा दंड बसतो. विभागाच्या शेवटी वेळ उरला तरच मागे जाता येतं आणि फक्त 3 उत्तरं बदलता येतात. बुकमार्क अमर्याद असले तरी मागे जाताना जिथे अर्ध्या मिनिटात उत्तर फिरू शकतं तेवढेच उघडा.

क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नसतो, डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर मिळतो. घरी सगळीकडे कॅल्क्युलेटर वापरून सराव झाला असेल तर क्वांटचा वेळ तिथेच गळतो.

मॉक जपून वापरा. अधिकृत मॉक सहाच आहेत, त्यातले दोन मोफत. तोच मॉक पुन्हा दिला की ओळखीचे प्रश्न येऊ शकतात आणि गुण फुगतात, त्या आकड्यावर तारीख ठरवू नका. दहा-बारा दिवसांनी एक मॉक, तोही परीक्षेच्याच वेळेला, एकच 10 मिनिटांची सुट्टी घेऊन. विभागांचा क्रम तुम्हीच निवडता, तोही मॉकमध्येच पक्का करा. व्हर्बल शेवटी घेतल्यावर उतारे दोनदा वाचावे लागत असतील तर तो आधी घ्या. लागोपाठ दोन नव्या मॉकमध्ये हवा तो स्कोअर आला की तारीख घ्या.

आणि पहिल्या स्कोअरची भीती नको. गुण पाहिल्यानंतर कोणत्या कॉलेजला पाठवायचे हे तुम्ही ठरवता, आणि पाठवलेल्या रिपोर्टमध्ये तुम्ही निवडलेलाच स्कोअर जातो. पाच ठिकाणी मोफत पाठवण्यासाठी अधिकृत स्कोअर आल्यापासून 48 तास मिळतात, म्हणून कॉलेजांची यादी परीक्षेआधीच लिहून ठेवा.