हाड की हस्तिदंत?

यॉर्कशरमधल्या ज्या लिलावघरात मी काम करते, तिथे चांदी, घड्याळं, चित्रं अनुभवी मंडळींकडे जातात. कात्र्या, वस्तरे, चाकू असं कोणालाच नको असलेलं लोखंड माझ्या टेबलावर येतं. चाकू-कात्र्यांसाठी जगभर नावाजलेलं शेफील्ड इतकं हाकेच्या अंतरावर असून इथल्या लोकांना चाकूंचं काही वाटत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या दिवशी एका निवृत्त गृहस्थांनी वडिलांच्या चाकूंचा डबा आणला होता. काउंटरवरच्या सहकाऱ्याने चिठ्ठी लावून टाकली होती: ‘खिशातले चाकू, मिश्र, काही हाडाच्या मुठीचे.’ आमच्याकडे पांढरं दिसलं की ते हाड असतं.

बरेचसे चाकू घासून घासून निम्मे राहिलेले होते. एकाची सांबरशिंगाची मूठ छान होती. शेफील्डच्या चाकूंवर ‘स्टॅग’ म्हणून जे मिरवतं, ते बहुतेक आपल्याकडच्या सांबरांनी जंगलात टाकलेलं शिंग. तो बाजूला ठेवला आणि तळाचा छोटा दोन पात्यांचा चाकू हातात घेतला.

मोठं पातं उघडलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्प्रिंगचा दाब सारखा, आणि शेवटी कोरडा, स्पष्ट ‘टक्’. मिटल्यावर पाठीवरून नख फिरवलं तर स्प्रिंग आणि मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या यांच्यामध्ये ते कुठेच अडकेना. टोक मुठीत पुरतं बुडलेलं, म्हणजे पातं धारेच्या दगडावर फारसं गेलेलंच नाही. पात्याच्या बुडाशी, टँगवर, ठसा शाबूत: मुकुट, त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर, खाली शेफील्डच्या नामांकित चाकूवाल्यांचं नाव-पत्ता: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, क्रमांक ६, नॉरफोक स्ट्रीट. शेजारी तारा आणि माल्टीज क्रॉस, म्हणजे १७६४ पासूनची त्यांची निशाणी. व्ही-आर म्हणजे व्हिक्टोरिया, तेव्हा १८३७ ते १९०१. ‘इंग्लंड’ हा शब्द कुठेच नाही. अमेरिकेच्या १८९० च्या मॅककिन्ली आयातशुल्क कायद्यानंतर तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. म्हणून तो शब्द नसला की लोक लगेच ‘१८९१ च्या आधीचा’ असं ठोकून देतात. देशातच विकायच्या मालावर तो नंतरही नसायचा, हे कोणी लक्षात घेत नाही. मी ‘एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध’ एवढंच लिहिलं.

मग मूठ. या चाकूला टोकांशी धातूचे बोल्स्टर, म्हणजे टोपणं, नव्हते, त्यामुळे पांढऱ्या पट्टीची कडा उघडी होती. दहापट भिंगाखाली हाड असेल तर रक्तवाहिन्यांच्या जागी बारीक काळपट ठिपके नाहीतर रेघोट्या दिसतात. सेल्युलॉइड, म्हणजे हस्तिदंताची नक्कल करणारं जुनं प्लॅस्टिक, असेल तर रेघा नको इतक्या एकसारख्या. इथे ठिपका एकही नाही, आणि टोकाच्या कडेवर एकमेकींना छेदणाऱ्या फिकट वक्र रेषांची जाळी. हत्तीचा दात. (तापलेली सुई टोचून बघा, असा सल्ला देणाऱ्यांच्या हातात कोणी जुनी वस्तू देऊ नये.) मधल्या पिनेपासून केसाएवढी चीर गेली होती, बाकी डाग नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर मोजके अपवाद सोडून बंदी घालणारा ब्रिटनचा २०१८ चा कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे. १९४७ पूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत आकारमानाच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून विकता येते. दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला पेनचाकू त्यात कसा बसणार? १९१८ पूर्वीच्या असामान्य वस्तूंना सूट आहे, पण त्या अर्जालाच २५० पौंड, आणि रॉजर्सने असे चाकू ढिगांनी केले. त्यांच्या गोदामातल्या हस्तिसुळ्यांच्या राशींचे जुने फोटो मी पाहिलेत. ते पाहिल्यावर कायद्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

गृहस्थांना बॉयलर बदलायचा होता. मी सगळं समजावलं: भेट देता येईल, वारशाने देता येईल, मान्यताप्राप्त संग्रहालयाला विकताही येईल, पण आमच्या लिलावात नाही.

“म्हणजे तुम्ही ओळखलाच नसता, तर विकला गेला असता?”

“हो.”

“मग लव्ह,” इकडे कोणालाही असंच म्हणतात, “तुझ्या त्या भिंगाचा मला काय उपयोग?”

सहकारी दाराशी उभा होता. नंतर म्हणाला, “चिठ्ठी ‘हाड’ म्हणत होती, तू कशाला खाजवत बसलीस?” यात आमच्या धंद्याची अर्धी विद्या आली. मी चाकू परत केला आणि आमच्या नोंदीत ‘हस्तिदंत, विक्रीयोग्य नाही’ असं लिहिलं.

पुढे एका दुसऱ्या लिलावघराची ऑनलाइन यादी चाळताना तोच चाकू समोर आला. पिनेपासूनची तीच चीर. वर्णन: ‘हाडाच्या मुठीचा जुना पेनचाकू.’ मी अंदाज म्हणून तोंडी सांगितलेल्या रकमेच्या निम्मी किंमत. कळवायचं तर गृहस्थही अडकतात, नाही कळवायचं तर मीच ती नोंद केलेली आहे. अजून ठरत नाही.

फोटो मोठा करून बघितला. कोणीतरी चकचकीत दिसावं म्हणून पातं यंत्रावर धरून पॉलिश केलं होतं. मुकुट गेलेला, व्ही पुसट, तारा नुसता ठिपका. त्या लिलावघराला निदान याबद्दल तरी मी लिहिणार आहे.