धुरीसाठी कोळसा: वखारीत काय बघायचं

बांगडा निखाऱ्यावर भाजायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तेवढ्यासाठी कुठलाही कोळसा चालून जातो. डुकराच्या खांद्याला ११०-१२० अंश सेल्सिअसवर आठ-आठ तास धुरी द्यायची, तर मात्र कोळशाचा प्रत्येक दोष मांसात उतरतो.

एक गोष्ट आधी पक्की करू. चांगल्या कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. भट्टीत लाकडातलं पाणी, डांबर आणि वायू निघून गेलेले असतात, मागे राहतो तो मुख्यतः कार्बन. म्हणजे आच कोळशाची आणि वास वेगळ्या टाकलेल्या लाकडाचा. ‘कोळशालाच झकास धुराचा वास आहे’ असं कोणी विकताना सांगितलं, तर तो कोळसा अर्धाकच्चा आहे असं समजा.

वखारीत पोतं उघडायला सांगा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. पक्का कोळसा खणखणीत वाजतो, कच्चा नुसता ठप्प करतो. एक तुकडा मोडून बघा: आतून काळाभोर, चमकदार हवा आणि लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात. मध्ये तपकिरी गाभा दिसला तर ते अजून लाकूडच आहे, पेटल्यावर पिवळट-पांढरा दाट धूर सोडणार आणि मांस कडवट करणार. पोत्याच्या तळाशी हात घालायला लाजू नका. वर मुठीएवढे तुकडे आणि खाली नुसता चुरा, हे नेहमीचं. चुरा तुकड्यांमधल्या फटी बुजवतो, हवा कोंडते आणि आच मध्येच बसते. अंड्याएवढे ते मुठीएवढे तुकडे ठेवा, बाकीचं चाळून काढा.

लाकूड कोणतं, हेही विचारा. सुरू, बाभूळ अशा जड लाकडाचा कोळसा सावकाश आणि दमदार जळतो. वेड्या बाभळीचा कोळसा आच चांगली देतो, पण पेटताना तडतडतो आणि ठिणग्या उडवतो. नारळाच्या झापांच्या मांडवाजवळ किंवा वाळल्या गवतात तो पेटवू नका. हलक्या, मऊ लाकडाचा कोळसा भरभर संपतो, दर तासाला झाकण उघडावं लागतं आणि प्रत्येक वेळी तापमान पडतं.

आपल्याकडे कोकणात पहिला विचार करवंटीचा येतो, आणि तो चुकीचा नाही. करवंटीचा कोळसा कठीण असतो, राख कमी ठेवतो आणि फार तापतो. अडचण त्याच्या आकाराची. पातळ, वाकडे तुकडे एकात एक बसतात आणि हवेची वाट बंद करतात. नुसता तोच भरला तर आधी धुमसतो आणि मग एकदम भडकतो. म्हणून लाकडी कोळशात एक चतुर्थांशापर्यंत मिसळा, किंवा त्याच्या भुकटीच्या स्टार्चनं बांधलेल्या विटा घ्या. कोळसा न केलेली, कच्ची करवंटी मात्र धुरीत टाकू नका. तिच्या डांबरट धुराचा काळा थर माशावर बसतो. नारळाची सोडणंसुद्धा फक्त चूल पेटवायला.

काजूच्या टरफलाला तर हातच लावू नका. वेंगुर्ला-मालवण भागात काजूचे कारखाने असल्यानं ती स्वस्तात मिळतात. पण टरफलातल्या तेलानं कातडीला फोड येतात, आणि नीट न जळलेल्या टरफलात ते तेल शिल्लक असतं. लोहाराकडचा दगडी कोळसा, रंग लावलेल्या होडीच्या फळ्या, किनाऱ्यावर वाहून आलेलं खारं लाकूड, हे सगळंही अन्नापासून लांब.

दमटपणा हा आपल्या किनाऱ्याचा खास त्रास. कोळसा सच्छिद्र असतो, हवेतली ओल शोषतो. जुलैत वजनावर घेतलेल्या पोत्यात तुम्ही पाण्याचेही पैसे देता. खरेदी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका आणि माल झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवा. ओलसर वाटला तर ताडपत्रीवर पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. घाई करून ओला कोळसा पेटवला तर आधी वाफ, मग धूर, आणि आच शेवटी.

२०० लिटरच्या पिंपाच्या स्मोकरला (धुरी द्यायच्या भट्टीला) जाळीच्या टोपलीत ४ किलो न पेटवलेला कोळसा भरा, मोठे तुकडे खाली, मधे खड्डा. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यात १०-१२ तुकडे कागदावर पेटवा. रॉकेल नको, त्याचा वास मांसाला लागतो. १५-२० मिनिटांनी कडा राखाडी झाल्या की ते निखारे खड्ड्यात ओता. आग मधून बाहेर सरकत जाईल आणि सगळा कोळसा एकदम पेटणार नाही. वरचं धुराडं पूर्ण उघडं ठेवा, आच फक्त खालच्या झडपेनं सांभाळा. ९५ अंश झाले की झडप आवळायला लागा. तापमान एकदा १४० वर गेलं की उतरायला बराच वेळ घेतं.

दुपारचा खारा वारा झडपेत शिरला की हीच मांडणी हाताबाहेर जाते. वारा येतो त्याच्या उलट बाजूला झडपेचं तोंड करा, किंवा चार हातांवर पत्रा आडवा उभा करा. पावसात पडवी ताडपत्रीनं बंद करून आत स्मोकर लावणं जिवावर बेतू शकतं. जळत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वासासाठी पेरूचं लाकूड सगळ्यात भरवशाचं. किमान सहा महिने वाळलेले, मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरे. आंबा घ्यायचा तर पूर्ण वाळलेला आणि साल काढलेला, चीक सालीत असतो. लाकूड भिजवू नका. पाणी उडून जाईपर्यंत नुसती वाफ निघते आणि निखारा थंडावतो. धुराड्यातून पातळ, निळसर धूर दिसला की मांस आत ठेवा. पांढरा दाट धूर असेल तर थांबा. बांगड्यासारख्या माशाला ८०-९० अंश आणि लाकडाचा एकच तुकडा बास, काट्याजवळ ६३ अंश झाले की काढा. धुरावलेला मासा सुक्या बांगड्यासारखा टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा.

काम झालं की खालची झडप आणि वरचं धुराडं घट्ट बंद करा. हवा तुटली की उरलेला कोळसा विझतो. पुढच्या खेपेला राख झटकून तो नव्या कोळशात मिसळा. राख मात्र दोन दिवस पत्र्याच्या डब्यातच राहू द्या, आतला निखारा वरून दिसत नाही.