खमिराची बादली

"आई, ही मत द्यायला निघाली होती की खमीर आणायला?"

आज अमेरिकेत, वायोमिंगमधल्या लॅरमी गावात, लुईझा स्वेनच्या पुतळ्यासमोर लेकीने विचारलं. म्हटलं, दोन्ही.

६ सप्टेंबर १८७०. सत्तरीला टेकलेली लुईझाबाई सकाळीच घराबाहेर पडली. अंगावर एप्रन, हातात खमिरासाठी छोटी बादली. जाता जाता मत दिलं, आणि वायोमिंगमध्ये मत देणारी पहिली बाई ठरली!

वायोमिंगने १० डिसेंबर १८६९ लाच बायकांना मताधिकार दिला होता. १८९० मध्ये ते अमेरिकेचं राज्य झालं तेव्हाही तो सोडला नाही. देशाच्या राज्यघटनेत तो यायला मात्र १९२० उजाडलं.

हा हक्क देणाऱ्या सगळ्यांचेच हेतू उदात्त नव्हते. इथे पुरुष भरपूर, बायका मूठभर. त्यांनी येऊन वस्ती करावी असंही काहींच्या मनात होतं. ज्युरीत बसण्याचा मान तर १८७० मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी गेला. हे वाचून फार वाईट वाटलं.

पण ती बादली काही डोळ्यांसमोरून हलेना. एवढी मोठी गोष्ट, आणि घरी पाव करायचाच होता.

आजीने पहिलं मत दिलं त्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं, हे मी तिला कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारलंय?